ब्रेन डेड म्हणजे नेमकं काय? अमरावती-अकोल्याच्या आयसीयूपासून जपानपर्यंत पोचणारा एक प्रश्न

"छाती तर हालून राहिली ना डॉक्टर, मंग गेला कसा म्हनता?"

अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या आयसीयूबाहेर हा प्रश्न कधीही ऐकू येऊ शकतो. हायवेवर अपघात झालेला असतो, डोक्याला जबर मार बसलेला असतो. रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. अंग गरम लागतं, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसत असतात आणि डॉक्टर सांगतात, "पेशंट ब्रेन डेड आहे." नातेवाईक अजून यातून सावरलेले नसतात, तोच दुसरा प्रश्न समोर येतो: अवयवदान कराल का?

हा निर्णय काही तासांत घ्यायचा असतो. तो घेणाऱ्यांपैकी अनेकांनी 'ब्रेन डेड' हा शब्द त्याच दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलेला असतो. म्हणूनच आयसीयूच्या दारात उभं राहायची वेळ येण्याआधी हा विषय समजून घेतलेला बरा.

आणि तो समजून घेताना जपानची गोष्ट माहीत असायला हवी. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या या देशाला नेमक्या याच प्रश्नाने जवळपास तीस वर्षं अडवून ठेवलं होतं.

वऱ्हाडासाठी हा विषय जवळचा का?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर या भागांतल्या अनेक गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं लागतं. इथून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. मधुमेह आणि रक्तदाबामुळे किडन्या निकामी होणारे रुग्ण तर सगळीकडेच आहेत.

किडनी पूर्ण निकामी झाली की दोनच मार्ग उरतात: डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस म्हणजे प्रत्येक वेळी अर्धा दिवस, येण्याजाण्याचा खर्च आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला 'सुपर स्पेशालिटी' म्हणतात तिथे, किडनी प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया होतात. पण किडनी देणार कोण? घरातली आई, बायको, भाऊ यांच्यापैकी कुणाची जुळली तर ठीक. नाहीतर वाट पाहायची ती मेंदूमृत दात्याची.

भारतात २०२३ मध्ये १८ हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणं झाली. पण त्यातली बहुतेक जिवंत नातेवाईकांनी दिलेल्या अवयवांची होती. मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांचा आकडा त्या वर्षी पहिल्यांदाच हजाराच्या पुढे गेला: १,०९९. एवढ्या मोठ्या देशात हे प्रमाण दहा लाख लोकांमागे एकाहूनही कमी आहे. स्पेनमध्ये ते पन्नासच्या आसपास आहे.

ब्रेन डेड आणि कोमा: फरक काय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, ब्रेन स्टेम म्हणजे मस्तिष्क स्तंभ असतो. श्वास घेणं, शुद्धीत असणं, खोकला येणं, डोळ्याच्या बाहुलीने प्रकाशाला प्रतिसाद देणं या गोष्टी तिथून चालतात. गंभीर मार, मेंदूतला रक्तस्राव किंवा मोठी सूज यामुळे हा भाग कायमचा बंद पडला, तर माणूस पुन्हा कधीही शुद्धीवर येत नाही आणि स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. यालाच मेंदूमृत्यू म्हणतात.

मग हृदय कसं चालतं? हृदयाचे ठोके सुरू करणारी विद्युत यंत्रणा हृदयातच असते. व्हेंटिलेटर फुप्फुसांत ऑक्सिजन ढकलत राहतो, तोवर हृदय काही काळ चालतं. छाती हलताना दिसते ती यंत्रामुळे. सर्वसाधारणपणे काही तासांत किंवा काही दिवसांत हृदयही थांबतं.

आणखी एक गोष्ट नातेवाईकांना हादरवते. मेंदूमृत माणसाचा हात किंवा पाय कधी कधी हलतो. ही हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमुळे होते, मेंदूमुळे नाही. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर "त्याने हात हलवला, तो जिवंत आहे" असं वाटणं अगदी साहजिक आहे.

कोमात मात्र मस्तिष्क स्तंभ काही प्रमाणात तरी काम करत असतो. कोमातला माणूस जिवंत असतो आणि काही जण बरेही होतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हे या फरकाचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्या मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. पण त्या व्हेंटिलेटरशिवाय श्वास घेत होत्या, त्यांचे डोळे उघडत होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ च्या निकालात स्पष्ट केलं होतं की, त्या ब्रेन डेड नाहीत. म्हणजेच "इतकी वर्षं पडून राहिलेलेही जगतात, मग आमचा माणूस का नाही?" या प्रश्नाचं उत्तर असं की या दोन पूर्णपणे वेगळ्या अवस्था आहेत.

ब्रेन डेड आहे हे कोण ठरवतं?

भारतात यासाठी मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ आहे. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या पुढाकाराने तो संसदेत आला. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले.

कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या सह्या लागतात: रुग्णालयाचे प्रमुख, रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन. लहान शहरांत न्यूरोचे डॉक्टर सहज मिळत नाहीत. म्हणून २०११ च्या दुरुस्तीने त्यांच्या जागी फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा आयसीयू तज्ज्ञ यांनाही मान्यता दिली. अकोला-अमरावतीसारख्या शहरांसाठी ही दुरुस्ती महत्त्वाची होती.

सगळ्यात मोठी अट म्हणजे या चौघांपैकी कुणीही प्रत्यारोपण करणाऱ्या पथकात असता कामा नये.

तपासण्या दोनदा होतात आणि दोन्हींमध्ये किमान सहा तासांचं अंतर असतं. आधी झोपेच्या औषधांचा अंमल, शरीराचं घसरलेलं तापमान किंवा रक्तातले बिघाड यामुळे ही अवस्था आलेली नाही ना, याची खात्री केली जाते. मग डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापूस लावून पाहतात, कानात थंड पाणी सोडतात, घशाला स्पर्श करून ठसका येतो का ते बघतात. शेवटी ॲप्निया टेस्ट होते. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही रुग्ण स्वतः एक तरी श्वास घेतो का, हे पाहतात. दोन्ही वेळा प्रतिसाद शून्य असेल, तरच मेंदूमृत्यू जाहीर होतो.

इतकी काटेकोर पद्धत कशासाठी, याचं एक उत्तर जपानमध्ये सापडतं.

१९६८: मुंबईतली एक शस्त्रक्रिया, सापोरोतली दुसरी

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. पुढच्या काही महिन्यांत जगभरचे सर्जन कामाला लागले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आशियातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच दगावला.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला जपानच्या सापोरो वैद्यकीय विद्यापीठात डॉ. जुरो वाडा यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. दाता होता समुद्रात बुडालेला एक विद्यार्थी, तर हृदय मिळालं होतं अठरा वर्षांच्या एका तरुणाला. तो ८३ दिवस जगला. सुरुवातीला वाडा देशाचे हीरो ठरले. मग प्रश्न सुरू झाले. बुडालेला मुलगा खरंच मेंदूमृत होता का? त्याच्या तपासणीची नोंद कुठे आहे? ज्याला हृदय दिलं, त्याला प्रत्यारोपणाची खरंच गरज होती का? आणि हे सगळं ठरवणारी माणसं तीच, प्रत्यारोपण करणारी?

वाडा यांच्यावर थेट खुनाची फिर्याद झाली. पुरेशा पुराव्याअभावी १९७० मध्ये खटला न चालवण्याचा निर्णय झाला. पण लोकांच्या मनातली शंका गेली नाही. त्यानंतर जपानमध्ये मेंदूमृत दात्याचं हृदय काढून प्रत्यारोपण व्हायला १९९९ साल उजाडलं.

इकडे मुंबईतल्या प्रयोगावर असं वादळ उठलं नाही. तरी कायदा नसल्याने भारतातही बराच काळ थांबावं लागलं. १९९४ चा कायदा मंजूर झाल्यावर ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. म्हणूनच आता ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन आहे.

जपानी लोकांना नेमकं काय खटकत होतं?

'जपानी लोक अंधश्रद्धाळू, म्हणून विरोध' असं सोपं उत्तर दिलं जातं. ते बरोबर नाही. जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन करायच्या प्रत्यारोपणात जपान जगात आघाडीवर राहिला. म्हणजे अवयव देण्याला विरोध नव्हता. अडचण 'मृत्यू कधी झाला' याची होती.

पहिला मुद्दा शरीराचा. आईवडिलांकडून मिळालेलं शरीर अखंड ठेवणं हा आदराचा भाग, ही कन्फ्युशियन विचारातून आलेली धारणा तिथे रुजलेली आहे. मृतदेहही अखंड असावा, अशी भावना त्यातूनच येते.

दुसरा मुद्दा नात्याचा. तत्त्वज्ञ मासाहिरो मोरिओका यांनी १९८९ मध्ये मेंदूमृत माणसावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, मेंदूमृत्यू ही गोष्ट फक्त त्या माणसाच्या डोक्याच्या आत घडत नाही. ती त्याच्या आणि भोवतालच्या माणसांच्या नात्यातही घडते. डॉक्टरांसाठी तो संपलेला असतो. पण हात हातात घेऊन बसलेल्या आईसाठी नसतो.

लेखक कुनिओ यानागिदा यांच्यावर तर ही वेळ स्वतःवरच आली. त्यांचा तरुण मुलगा मेंदूमृत अवस्थेत अकरा दिवस होता. त्या दिवसांवर त्यांनी १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ते जपानभर वाचलं गेलं. मुलाच्या शरीराशी आपलं बोलणं चालू आहे, असं वडील आणि भावाला वाटत राहिलं. शेवटी हृदय थांबल्यावर त्यांनी मुलाच्या किडन्या दान केल्या. विज्ञानाला नकार न देताही निरोप घ्यायला वेळ लागतो, हे त्या पुस्तकाने जपानला दाखवून दिलं.

तिसरा मुद्दा विश्वासाचा. कॅनडाच्या मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांनी जपान आणि उत्तर अमेरिका यांची तुलना करणारा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. संस्कृतीइतकाच डॉक्टरांवरचा अविश्वासही जपानमधल्या विरोधामागे होता, हे त्यातून दिसतं. त्या अविश्वासाचं मूळ वाडा प्रकरणात होतं.

कायदा आला, तरी दाते का आले नाहीत?

पंतप्रधानांनी नेमलेल्या समितीने १९९२ मध्ये अहवाल दिला. बहुमत मेंदूमृत्यूला मृत्यू मानण्याच्या बाजूने होतं. पण विरोधी सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं. तत्त्वज्ञ ताकेशी उमेहारा हे त्यातलं मोठं नाव. अखेर ऑक्टोबर १९९७ मध्ये कायदा लागू झाला, तोही अतिशय कडक. दात्याने जिवंतपणी लेखी संमती दिलेली हवी आणि कुटुंबाचाही विरोध नको. पंधरा वर्षांखालच्या मुलांचे अवयव घेताच येत नव्हते.

परिणाम असा झाला की पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशभरात मेंदूमृत दाते शंभरही झाले नाहीत. हृदयाचा आजार असलेल्या लहान मुलांचे आईवडील वर्गणी गोळा करून मुलांना अमेरिकेला नेत राहिले. २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने अवयवांसाठी परदेशी जाण्यावर टीका केली. त्यानंतर जपानने २००९ मध्ये कायदा बदलला आणि तो जुलै २०१० पासून लागू झाला. आता दात्याने नकार नोंदवलेला नसेल, तर कुटुंबाची संमती पुरते. मुलांचे अवयवही देता येतात. ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे आपली इच्छा लिहायला जागा असते. दाते वाढले, पण प्रमाण अजूनही दहा लाखांमागे एकाच्या आसपासच आहे. म्हणजे साधारण भारताच्याच रांगेत.

एकाच माणसाचे दोन मृत्यू?

भारत आणि जपान यांच्यात एक साम्य आहे आणि ते फारसं बोललं जात नाही. दोन्हीकडे मेंदूमृत्यूची कायदेशीर व्याख्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यातच आहे.

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात मेंदूमृत्यूचा उल्लेख नाही. त्यामुळे कुटुंबाने अवयवदानाला होकार दिला, तर मेंदूमृत्यू जाहीर होतो आणि पुढची प्रक्रिया ठरलेली असते. नकार दिला, तर व्हेंटिलेटर काढायचा की नाही, यावर डॉक्टर कायद्याच्या भीतीने कचरतात. मग हृदय थांबेपर्यंत आयसीयूचं बिल चढत राहतं. सामान्य माणसाला यातून चुकीचा अर्थ कळतो: "अवयव हवे असतील तेव्हाच ब्रेन डेड म्हणतात." केरळ सरकारने मेंदूमृत्यू जाहीर करणं आणि अवयवदान या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी पावलं उचलली आहेत.

अकोल्याचं प्रकरण आणि मनातली भीती

विश्वासाची जखम वऱ्हाडालाही झालेली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अकोल्यात किडनी विक्रीचं प्रकरण उघड झालं. कर्जात अडकलेल्या गरिबांना किडनी विकायला लावल्याचे आणि काहींची शस्त्रक्रिया श्रीलंकेत झाल्याचे आरोप होते. अशा बातमीनंतर 'अवयव' हा शब्द ऐकला की लोकांच्या मनात दलाल येतो.

पण दोन रस्ते वेगळे आहेत. अकोल्याचं प्रकरण जिवंत माणसांच्या किडन्यांचं होतं. तिथे देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये पैसा आणि दलाल होते. मेंदूमृत दात्याचे अवयव कुणाला द्यायचे, हे ना कुटुंब ठरवतं, ना एखादा डॉक्टर. विदर्भासाठी नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र रक्तगट, आजाराची तीव्रता आणि प्रतीक्षा यादीतला क्रम पाहून हे ठरवतं. घेणारा कोण हे देणाऱ्या कुटुंबाला सांगितलं जात नाही. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उलट, मेंदूमृत दाते जितके कमी, तितका जिवंत माणसाच्या किडनीवर ताण जास्त. दलालाचा धंदा याच टंचाईवर चालतो.

होकार दिला तर पुढे काय होतं?

रुग्णालय नागपूरच्या केंद्राला कळवतं. रक्ताच्या तपासण्या होतात, यादीतले रुग्ण जुळवले जातात, सर्जनची पथकं येतात. अवयव काढण्याची परवानगी नोंदणीकृत रुग्णालयांनाच असते. त्यामुळे काही वेळा रुग्णाला दुसरीकडे हलवावं लागतं. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनाची प्रक्रियाही असते.

इथे घड्याळ महत्त्वाचं असतं. शरीराबाहेर हृदय आणि फुप्फुसं साधारण चार ते सहा तास टिकतात, यकृत आठ ते बारा तास आणि किडनी चोवीस तासांहून अधिक. अमरावती ते नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, अकोला ते नागपूर सुमारे अडीचशे. किडनी आणि यकृतासाठी हे अंतर जमतं. हृदयासाठी मात्र प्रत्येक मिनिट मोजावं लागतं. म्हणून पोलीस वाहतूक थांबवून ग्रीन कॉरिडॉर करतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला होता. चांगल्या रस्त्याचा असाही एक उपयोग आहे.

कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं अशी:

खर्च कोण करतो? संमतीनंतर दात्याची देखभाल, अवयव काढणं आणि नेणं यांचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही.

शरीर विद्रूप होतं का? नाही. ही शस्त्रक्रियाच असते. टाके घालून शरीर नीट परत दिलं जातं आणि अंत्यसंस्कार नेहमीसारखे करता येतात. राख सावडण्यापासून तेरवीपर्यंत काहीच अडत नाही.

धर्माला चालतं का? स्वतःची हाडं देणाऱ्या दधीची ऋषींची कथा आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. इस्लामिक सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने १९८६ मध्ये मेंदूमृत्यूला आणि १९८८ मध्ये अटींसह प्रत्यारोपणाला मान्यता दिली. मुस्लिम विद्वानांमध्ये याबाबत वेगळी मतंही आहेत. कॅथलिक चर्चही अवयवदानाच्या बाजूने आहे.

नाही म्हटलं तर? कुणीही जबरदस्ती करू शकत नाही. नकार हा कुटुंबाचा हक्क आहे.

घरी मृत्यू झाला तर? तेव्हा किडनी, हृदय देता येत नाही, पण साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान करता येतं. अमरावतीत हरिना नेत्रदान समिती यासाठी काम करते.

आज काय करता येईल?

राष्ट्रीय संस्था 'नोटो'च्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वापरून अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवता येते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पण भारतात प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा कुटुंबाची संमती घेतली जाते. कार्ड खिशात असेल आणि घरच्यांना माहीतच नसेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

स्पेनमध्ये इतके दाते कसे, याचं उत्तरही इथेच आहे. तिथे कायदा संमती गृहीत धरतो, तरी प्रत्यक्षात कुटुंबाला विचारल्याशिवाय काहीच होत नाही. फरक पडतो तो प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असलेल्या प्रशिक्षित समन्वयकामुळे. तो कुटुंबाशी शांतपणे बोलतो, त्यांना वेळ देतो.

जपानच्या तीस वर्षांचा धडाही हाच आहे. लोक विज्ञानाला घाबरत नव्हते. आपला माणूस जायच्या आत कुणी त्याच्याकडे 'सुटे भाग' म्हणून बघेल, याची त्यांना भीती होती. वऱ्हाडातल्या आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या माणसाची भीतीही तीच असते. चार डॉक्टर, दोन तपासण्या आणि सहा तासांचं अंतर हा त्या भीतीवरचा कायद्याचा उपाय आहे. त्याची माहिती घेण्याचा आणि तपासण्यांबद्दल प्रश्न विचारण्याचा नातेवाईकांना पूर्ण हक्क आहे.

दुसरा उपाय घरातच आहे. मी ब्रेन डेड झालो किंवा झाले तर काय करायचं, हे एकदा जेवताना सांगून ठेवा. होकार असो वा नकार, त्या रात्री घरच्यांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही.